खंडेनवमीचा धूमकेतू

बाळांनो,

परवा तुमच्या बाबाने फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितलं की, धाकट्याने शाळेत निबंध लिहिला, 'माझी आजी भारतात खगोलशास्त्रज्ञ होती', आणि त्याच्या बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. आता म्हणे तो शाळेच्या मासिकात छापून येणार आहे आणि सोबत माझा दुर्बिणीजवळचा फोटो हवा आहे. असा फोटो नाही. तो असायचं कारणही नाही. छापून यायच्या आत खरं काय ते लिहून पाठवावं म्हणून आज बसले. एरवी मी हे आणखी दहा वर्षं पुढे ढकललं असतं, आणि माझं वय बघता ते शहाणपणाचं ठरलं नसतं.

दुर्बिणीतून मी आयुष्यात एकदाच पाहिलं. तेव्हा समोर ढग होता. खगोलशास्त्र एवढंच. बाकी मी केलं ते जुन्या काचांच्या यादीचं काम, आणि तेही बसल्या बसल्या, पंख्याखाली, चहा घेत.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते हे तुम्हाला माहीत आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी निवृत्त झाले. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मला दोन सवयी लागल्या होत्या: वेळेवर उठणं आणि प्रत्येक वस्तूला जागा ठरवून देणं. निवृत्तीनंतर पुस्तकं हाताशी उरली नाहीत, म्हणून मी स्वयंपाकघरातले मसाल्याचे डबे अकारविल्हे लावले. हळदीसाठी तुमच्या आजोबांना पार शेवटच्या डब्यापर्यंत जावं लागे. त्यामुळे सर आमच्या दारात आले, तेव्हा त्यांना आत घ्यायला सगळ्यांत आधी आजोबाच उठले.

सर म्हणजे आमच्या कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. कळंब्याला राहत, लुनावरून गावात येत, आणि भर मे महिन्यातही माकडटोपी घालत. ते खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाई, माझं आभाळ भंगारात निघालंय."

आजोबा डॉक्टर होते. त्यांनी लगेच सरांची नाडी बघितली.

प्रकरण असं होतं. कॉलेजच्या गच्चीवर एक छोटा घुमट होता आणि त्यात दुर्बीण. तुमच्यासारखं फोनने फोटो काढायचे दिवस यायच्या फार आधी दुर्बिणीला कॅमेरा जोडत आणि काचेच्या तुकड्यावर आभाळाचा फोटो घेत. फिल्म वाकते, आकसते. काच वाकत नाही, म्हणून तारे जिथल्या तिथे राहतात. सरांच्या गुरूंनी अशा काचा घेतल्या, मग सरांनी घेतल्या. पुढे सर निवृत्त झाले, दुर्बिणीला झाकण बसलं, आणि काचांचे लाकडी डबे घुमटाखालच्या खोलीत पडून राहिले. ती खोली जाड भिंतींची, सगळ्या इमारतीत थंड. आता प्राचार्यांना ती संगणक विभागासाठी हवी होती, कारण संगणकांना थंडावा लागतो. ताऱ्यांनाही लागतो, पण ताऱ्यांना प्रवेश घेणारे विद्यार्थी नव्हते.

दूरच्या एका मोठ्या वेधशाळेने सरांना कळवलं होतं की, यादी तयार असेल तर आम्ही येऊन पाहू, चांगल्या काचा नेऊ. यादी नसेल तर त्यांना वेळ नव्हता. आणि वेधशाळेने जे नेलं नाही ते भंगारवाल्याकडे जाणार होतं.

"त्यात माझा धूमकेतू आहे," सर म्हणाले.

"तुम्ही शोधलेला?" आजोबांनी विचारलं.

"छे हो. सगळ्या जगाने पाहिला तो. पण मी नवा लेक्चरर होतो, आणि त्या हिवाळ्यात रोज पहाटे घुमटात जाऊन त्याच्या काचा घेतल्या. धूमकेतू जगाचा असेल, काचा माझ्या आहेत. त्या कुठेतरी फळीवर, क्रमांक लावून ठेवलेल्या बघायच्या आहेत. बाकी काही नको."

फळी आणि क्रमांक हे दोन शब्द ऐकल्यावर मला नाही म्हणता आलं नाही.

काम मी समजले होते त्यापेक्षा सोपं होतं आणि सर मी समजले होते त्यापेक्षा अवघड. आजोबांच्या दवाखान्यातला एक्स-रे बघायचा दिव्याचा खोका आम्ही त्या खोलीत नेला. त्याच्यावर एकेक काच ठेवायची, पाकिटावरची माहिती तपासायची, तक्त्यात लिहायची. काचेची एक बाजू चकचकीत असते, दुसरी मंद. मंद बाजूला औषधाचा पातळ थर असतो आणि चित्र त्या थरात. त्या बाजूला बोट लावायचं नाही, हा सरांचा पहिला नियम. दुसरा नियम, शिंकायचं नाही. सर स्वतः तपकीर ओढत.

सगळ्या काचा निगेटिव्ह, म्हणजे आभाळ उजळ आणि तारे काळे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काचेवर माश्या बसून गेल्या आहेत. मी तसं म्हटल्यावर सर दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले.

पाकिटं मात्र वाचण्यासारखी होती. सरांनी आणि त्यांच्या गुरूंनी जुन्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांत काचा घातल्या होत्या. एका बाजूला गणपती आणि दोन्ही कुलांची नावं, दुसऱ्या बाजूला तारीख, आभाळाचा भाग, काच किती वेळ उघडी होती आणि शेरा. शेरे असे: 'ढग'. 'कुत्री मागे लागली, उशीर झाला'. 'कुस्त्यांच्या मैदानात फटाक्यांचा बाँब उडाला, दुर्बीण हलली'. आणि हिवाळ्यातल्या निम्म्या पाकिटांवर 'गुऱ्हाळाचा धूर'. तुम्हाला गूळ माहीत आहे. तो करताना उसाचा रस मोठ्या काहिलीत आटवतात, आणि तेव्हा गावाभोवती इतकी गुऱ्हाळं होती की थंडीत धुराचा थर आभाळावर बसून राही. कोल्हापूरच्या गुळाला सगळीकडे मागणी होती. त्याची किंमत तारे देत होते.

मी तक्त्यात 'दोष' असा एक रकाना आखला होता आणि धूर त्यात लिहीत होते. सरांनी ते पाहिलं.

"बाई, धूर हा दोष नव्हे."

"चित्र अस्पष्ट आलंय ना?"

"आलंय. पण त्या रात्री कोल्हापूरचं आभाळ तसंच होतं. आभाळ जसं आहे तसं घेतलं, त्यात काचेचा काय दोष?"

"मग कुठल्या रकान्यात लिहू?"

"रकाना वाढवा."

मी वाढवला. सर मरेपर्यंत रकाने वाढवत राहिले असते, म्हणून पुढचे मी त्यांना दाखवलेच नाहीत.

मध्येच एकदा संस्थेचे अध्यक्ष खोली बघायला आले. ते बिद्रीकडचे, घरची ऊसशेती, आवाज असा की जिन्यात बोलले तरी गच्चीवर ऐकू येई. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी दिव्यावरची काच वाकून पाहिली.

"बाई, ह्यात चंद्र कुठं हाय?"

"यात चंद्र नाही अण्णा. हे तारे आहेत."

"हे काळं ठिपकं? तारं पांढरं असत्यात की."

"निगेटिव्ह आहे. सगळं उलटं दिसतं."

"म्हंजे आमच्या संचालक मंडळागत," असं म्हणून ते मोठ्याने हसले, मग गंभीर झाले. "सर, राग मानू नका. तुमी लई कष्ट घेतलं. पर पोरं कॉम्प्युटर मागत्यात, तारं कोण मागत न्हाय. दिवाळीनंतर खोली मोकळी पायजे." माणूस वाईट नव्हता. जाताना त्यांनी आम्हाला भजी पाठवली. त्या तेलकट बोटांचीच सरांना त्या दिवशी सगळ्यांत जास्त धास्ती होती.

नवरात्रापर्यंत यादी होत आली. धूमकेतूच्या काचा सरांनी मुद्दाम शेवटी ठेवल्या होत्या. त्यांच्यासाठी त्यांनी चांगल्या कागदाची नवी पाकिटं करवून आणली; लग्नपत्रिका धूमकेतूला नको, असं त्यांचं म्हणणं. आठव्या माळेला आम्ही त्या सगळ्या काचा पाकिटांतून काढून टेबलावर पांढऱ्या कापडावर ओळीने मांडल्या. प्रत्येक काचेच्या मध्यावर धूमकेतूचं डोकं, काळं आणि ठसठशीत, आणि तिथून तिरकी गेलेली करडी शेपटी, पहिल्या काचेवर आखूड आणि पुढे लांबत गेलेली. नवी पाकिटं सुट्टीनंतर लिहायची ठरली. मी पुरणाला डाळ भिजवायची म्हणून घरी आले.

आता खंडेनवमी तुम्हाला सांगायला हवी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे शस्त्रांची पूजा होते. तलवारी आता कोणाकडे असतात? म्हणून जो ज्या वस्तूवर पोट भरतो ती वस्तू पुजतो. शिंपी शिलाई मशीन पुजतो, रिक्षावाला रिक्षा, आजोबा स्टेथोस्कोप. कॉलेजात त्या दिवशी प्रयोगशाळेतली भिंगं, तराजू, कार्यालयातला टाइपरायटर, झेरॉक्सचं यंत्र, सगळ्यांना हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल. दुर्बिणीलाही दरवर्षी. खुद्द सरांनी ती प्रथा कधी मोडली नव्हती, आणि हे तेच सर, जे ग्रहण लागलं की भर चौकात उभे राहून मिसळ खात, लोकांची भीती जावी म्हणून. दुर्बिणीची पूजा वेगळी, असं ते म्हणत. ती उपकाराची जाण.

त्या वर्षी त्यांनी शिपाईमामांना बजावून सांगितलं, "मामा, या खोलीतली ही शेवटची खंडेनवमी. नीट पूजा करा. काही सोडू नका."

मामांनी काही सोडलं नाही.

दसऱ्यानंतर आम्ही खोली उघडली. घुमटाच्या जिन्याला तोरण होतं, एक्स-रेच्या खोक्यावर झेंडू होता, माझ्या पट्टीला आणि टाचणीच्या डबीलाही कुंकू होतं. आणि टेबलावर ओळीने मांडलेल्या धूमकेतूच्या प्रत्येक काचेवर, बरोबर मध्यभागी, आधी हळदीचं आणि वर कुंकवाचं ओलं बोट टेकवून गेलेला ठसा होता. वाळून घट्ट बसलेला.

सरांनी एक काच कडेने उचलली, दिव्यावर धरली. शेपटी होती. डोक्याच्या जागी लाल गोळा होता.

मी मामांना हाक मारली. ते कौतुकाच्या अपेक्षेने आले.

"मामा, हे काचेच्या मंद बाजूला का लावलंत?"

"चकचकीत बाजूला थांबंनाच की बाई, घसरायला लागलं. म्हणून उलटं करून ह्या बाजूला लावलं. ह्या बाजूला कसं झ्याक बसलंय बघा."

"आणि मधोमध?"

"मग कुठं लावायचं? नुसत्या काचंला कुंकू लावायचं म्हंजे कपाळ कुठलं ते कळाय नको? मधी कायतरी देवासारखं दिसलं, तिथं लावलं." मग त्यांनी सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "चुकलं काय सर?"

सरांनी काच जागेवर ठेवली. "पूजा करा असं मीच सांगितलं होतं, मामा. काही सोडू नका, असंही मीच सांगितलं होतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा बाई. शिरोभागी हळदीकुंकू. तारीख घाला."

आम्ही पुसून पाहिलं नाही. औषधाचा थर ओल्या बोटाने सुटतो, हे मलाही तोवर समजलं होतं. पुसलं असतं तर कुंकवाबरोबर धूमकेतूही गेला असता.

दिवाळीनंतर वेधशाळेतून एक तरुण बाई आल्या. हातमोजे घालून त्यांनी दोन दिवस काचा पाहिल्या. माझी यादी त्यांना आवडली. गुऱ्हाळाच्या धुराचा वेगळा रकाना पाहून त्यांनी ती पद्धत स्वतःकडे नेते म्हटलं. सरांच्या गुरूंच्या बऱ्याच काचा त्यांनी निवडल्या, सरांच्याही काही. धुराच्या, हललेल्या आणि तारीख नसलेल्या नाकारल्या. शेवटी धूमकेतूच्या काचा हातात घेतल्या आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"सर, मालिका सुंदर आहे. पण हे रंगद्रव्य काय आहे, त्यात काय मिसळलं आहे, सांगता येत नाही. ओल लागली की पसरेल. बाकीच्या संग्रहाजवळ मला हे ठेवता येणार नाही."

"बरोबर आहे," सर म्हणाले. "मीही नेलं नसतं." त्यांनी चहाचा कप उचलला आणि तो रिकामा आहे हे लक्षात न येता दोनदा तोंडाला लावला.

निवडलेल्या काचा खोकी बांधून गेल्या. उरलेल्या डब्यांसाठी पुढच्या सोमवारी भंगारवाला टेंपो घेऊन आला. सर सकाळपासून खोलीत येऊन बसले होते. मी त्यांना घरी जा म्हटलं, ते गेले नाहीत. भंगारवाल्याने पहिला डबा ओढला तो नेमका धूमकेतूचा. झाकण उघडलं, एक पाकीट काढलं, आतली काच पाहिली आणि हात मागे घेतला.

"ह्यो माल पुजलेला हाय."

"नुसती काच आहे ती," कार्यालयातले हेडक्लार्क म्हणाले.

"कुंकू हाय की साहेब वर."

"खंडेनवमीला मीच पुजलंय," मामा दारातून म्हणाले. त्यांच्या आवाजात अजूनही थोडा अभिमान होता.

"मग न्हाय. लोक देवाच्या फुटक्या तसबिरीबी आमच्या गळ्यात घालाय बघत्यात, आमी हात लावत न्हाय. घरात म्हातारी हाय, घरात घेणार न्हाय मला. ह्यो डबा ऱ्हाऊ द्या. बाकीचं नेतो. चहा पिऊन येतो, तवर मोजून ठेवा."

तो खाली गेला. हेडक्लार्कही त्याच्यामागे गेले. खोलीत सर, मामा आणि मी. सर धूमकेतूच्या डब्याकडे पाहत होते. मग त्यांनी बाकीच्या डब्यांकडे पाहिलं; ते खंडेनवमीला कुलपात होते, म्हणून पूजेतून सुटले होते. आणि मग, ज्या आवाजात ते वर्गात खडू मागत त्या आवाजात म्हणाले,

"मामा, ती कुंकवाची वाटी कुठे आहे?"

मामांना कळायला वेळ लागला. मला लागला नाही. मी दाराला कडी घातली.

"सर, तुम्ही?" मी म्हटलं.

"डब्यांना लावायचंय, बाई. डब्यांना. काचेला बोट लागता कामा नये." आणि अंधश्रद्धेवर गावोगाव व्याख्यानं दिलेल्या त्या माणसाने माकडटोपी काढून बाजूला ठेवली, हळदीत बोट बुडवलं आणि डबा बघून, कपाळ कुठलं ते ठरवून, एकेकाला टिळा लावला. मी मागून कुंकू लावलं. मामा झेंडू मिळेना म्हणून खालच्या बागेतली तगर घेऊन आले. घाईघाईत केलेली पूजा मी बरीच पाहिली आहे, पण इतक्या मनापासून झालेली ती एकच.

भंगारवाला परत आला आणि दारात थबकला.

"आता हे काय?"

"पूजा," सर म्हणाले.

"आत्ता? खंडेनवमी होऊन म्हैना झाला की सर."

"तारे आहेत, पावणं. त्यांचा उजेडच आपल्याकडे उशिरा येतो."

त्याने सरांच्या पिवळ्या बोटाकडे पाहिलं, माझ्या लाल बोटाकडे पाहिलं. सगळं त्याला समजलं असावं. पण समजणं वेगळं आणि पुजलेली वस्तू टेंपोत घालणं वेगळं. तो नमस्कार करून गेला. सरांना केला की डब्यांना, ते कळलं नाही.

बातमी अण्णांपर्यंत पोचली. ते तावातावाने आले. डब्यांची रांग पाहून त्यांनी आधी चपला दाराबाहेर काढल्या, मग रागावले.

"सर, हे काय चालवलंय? एवढं शिकलेली माणसं तुमी!"

"खोली देतो अण्णा. डबे कुठे ठेवू तेवढं सांगा."

"पंचगंगेत सोडा."

"चालेल," मी म्हटलं. "संस्थेच्या मालमत्तेचं विसर्जन, म्हणजे ठराव लागेल. सूचक कोण आणि अनुमोदक कोण, तेवढं सांगा. मी लिहून देते."

अण्णांनी हेडक्लार्ककडे पाहिलं. हेडक्लार्कने खिडकीबाहेर पाहिलं. संस्थेची मालमत्ता नदीत बुडवायच्या कागदावर आपलं नाव कोण घालणार?

"बाई," अण्णा शेवटी म्हणाले, "तुमी निवृत्त झाला ते बरं झालं. ग्रंथालयाच्या बोळात एक लोखंडी कपाट रिकामं हाय. त्यात ठेवा, आन् परत मला दावू नका."

अशा रीतीने विज्ञानाने नाकारलेला आणि धर्माने नासवलेला धूमकेतू कपाटात गेला. कपाट माझ्या जुन्या ग्रंथालयाचं, म्हणून क्रमांक मी माझ्या पद्धतीने घातले. सर बघायला आले. पहिल्या खणासमोर उभे राहिले, चष्मा पुसला, क्रमांक मोठ्याने वाचले, एकात माझी चूक काढली. ती चूक नव्हती, पण मी खोडून परत लिहिलं. त्यानंतर दर महिन्याला ते यायचे, कपाट उघडायचे, पाच मिनिटं बघायचे आणि लुनावर बसून कळंब्याला परत जायचे. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

तुमच्या निबंधात दुरुस्ती करायचीच असेल तर एवढी करा की तुमच्या आजीने यादी केली. ते शास्त्र नाही, पण ते व्हावं लागतं.

घुमटात आता पाण्याची टाकी आहे. दुर्बिणीच्या भिंगाला बुरशी आली आहे. संगणकाची खोली दोनदा बदलली. वेधशाळेने नेलेल्या काचा त्यांच्याकडे आहेत, आणि त्यांनी पाठवलेली पोच माझ्या घरच्या कपाटात आहे. लोखंडी कपाट अजून ग्रंथालयाच्या बोळात आहे आणि त्याची किल्ली सध्याच्या ग्रंथपालांकडे असते. नाकारलेले सगळे डबे त्यात आहेत. धूमकेतूच्या काचा पहिल्या खणात, डावीकडून सुरुवात करून, क्रमाने लावलेल्या आहेत. डोकं कुंकवाखाली गेलं आहे. शेपटी सगळ्या काचांवर स्पष्ट दिसते.